खणा आणि बांधा

माइनक्राफ्ट या खेळाचं अख्खं तंत्र त्याच्या नावातच आहे. आधी खणायचं, मग खणून जे निघेल त्यातून काहीतरी घडवायचं. डोंगर फोडला की दगड मिळतो, दगडाची भिंत होते, आणि जिथे फोडलं तिथे खड्डा उरतो. त्यात पाणी सोडलं की झालं तळं. मार्कस पर्सन नावाच्या स्वीडिश प्रोग्रॅमरने मे २००९ मध्ये हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती आली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलर्सना विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. दिवसभर इतरांच्या कोडमधले बग काढणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला असले आकडे वाचून थोडी असूया वाटते. असो.

तर सांगायचा मुद्दा असा, की 'खणा आणि बांधा' ही कल्पना काही स्वीडनची नाही. ती आमच्या रोह्याच्या उशाशी केव्हाची बसून आहे. कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा, झाडीत बुडालेला अवचितगड म्हणजे आमचा घरचा किल्ला. पिंगळसईकडून किंवा मेढ्याकडून चढून गेलं की वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी लागतात, बारा कोनांचं एक तळं लागतं आणि शके १७१८, म्हणजे इ.स. १७९६ चा एक शिलालेखही आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची साधारण रीत अशी, की गडावरचं टाकं ही पाण्याची सोय आणि तीच दगडाची खाण. खडक फोडायचा, निघालेला दगड तटाला आणि जोत्याला लावायचा, उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी धरायचं. खालून वर दगड वाहून नेणं किती महाग पडतं हे एकदा पाठीवर सॅक घेऊन गड चढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका कामात दोन कामं! आमच्या धंद्यात असं काही कोणी केलं तर त्यावर कॉन्फरन्समध्ये पेपर वाचला जातो. पेणकरांनी रुसू नये म्हणून सांगतो, पेणजवळचा सांकशीचा किल्लाही असाच, टाक्यांसाठी ओळखला जाणारा.

या सगळ्याचं मॅन्युअलही आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', साधारण १७१५ च्या सुमाराचं. शाळेत आपण त्याचं नाव पाठ करतो आणि विसरतो. पण त्यातलं दुर्गांचं प्रकरण एकदा निवांत वाचा. किल्ला बांधायच्या आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, हे तर आहेच. पुढचं जास्त मजेशीर आहे. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, तेव्हा जास्तीची दोन-चार टाकी हवीतच. (आम्ही याला बॅकअप म्हणतो आणि तो आहे की नाही हे सर्व्हर बसल्यावर तपासतो.) गडावरचा केर कुठेही टाकू नका, जाळा, राख परसात घाला आणि त्यावर भाजीपाला काढा. माइनक्राफ्टमध्ये हाडांची भुकटी पिकाला घालतात, त्याच जातीची ही युक्ती. अमात्यांना गेम डिझायनर म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण मर्यादित सामानात जग चालवायचं कसं याचा इतका बारीक विचार करणारा माणूस मला तरी आमच्या क्षेत्रात क्वचित भेटलाय.

आणि नावं. रायगडाच्या बांधकामाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या हिरोजी इंदुलकराने ते जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरून ठेवलंय, हे बहुतेकांना माहीत असतं. रोहा तालुक्यातच, मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांबजवळ सुरगड आहे. तिथल्या शिलालेखात किल्ला बांधणाऱ्याचं नाव आहे, सूर्याजी. सूर्याजीबद्दल त्यापलीकडे काही न कळताही मला तो आवडतो. कमिटवर आपलं नाव असावं ही इच्छा जुनी आहे म्हणायची.

आता जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यात आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. अवचितगड नाही, सुरगड नाही, सांकशी नाही. ठीक आहे, सगळेच कसे असतील. पण या किल्ल्यांची उजळणी दरवर्षी न चुकता होत आली ती दुसऱ्याच ठिकाणी, दिवाळीच्या अंगणात.

दिवाळीतला किल्ला हा माझ्या मते महाराष्ट्राने मुलांना दिलेला सगळ्यात चांगला खेळ आहे, आणि त्याला कोणी शैक्षणिक म्हणत नाही हे त्याचं नशीब. सहामाही परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी माती. किल्ल्याला सर्वात आधी काय लागतं? दगड नाही, वाद. कुठला किल्ला करायचा, राजगड की सिंधुदुर्ग, समुद्र दाखवायचा तर पाणी कशात धरायचं, आणि सरदार कोण. मग विटांचे तुकडे, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेली माती, वरून अळीव नाहीतर मोहरी पेरायची म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत गड हिरवा होतो. टाक्यासाठी करवंटी. कारंज्यासाठी ओळखीच्या कंपाउंडरकडून मिळवलेली सलाइनची नळी. बाटली किती उंच टांगली की पाणी किती उंच उडतं हे आम्हाला नववीत भौतिकशास्त्राच्या सरांनी शिकवलं तेव्हा आमच्या आळीतल्या निम्म्या वर्गाला ते आधीच माहीत होतं. बाटली टांगायला पेरूची फांदी असायची, एवढाच फरक.

आणि कोकणात याला एक जास्तीचा धडा जोडलेला असतो, तो म्हणजे परतीचा पाऊस. रात्री एक सर येते आणि सकाळी बालेकिल्ला खाली बसलेला असतो. मग रडणं, मग एकमेकांवर ढकलणं, मग कोणीतरी शहाणं पोर म्हणतं की उतार नीट दिला नव्हता, पाणी आत मुरलं, आणि पुन्हा बांधणं सुरू. दुसऱ्या वेळचा किल्ला नेहमी बरा होतो. पुण्यामुंबईचे मित्र सांगायचे की त्यांचा किल्ला पाडवा-भाऊबीजेपर्यंत तसाच्या तसा टिकायचा. मला त्यांची कीव यायची. :-)

किल्ला पावसात का बसतो याचं मोठ्या माणसांचं शास्त्र मात्र रोह्याच्या आळीत शिकता येत नाही, त्याला खारेपाटात जावं लागतं. माझं आजोळ पेणच्या बाजूला, वडखळच्या पुढे, धरमतरच्या खाडीकडे. इथली कितीतरी भातशेती मुळात खाडीचा चिखल. बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, काही पावसाळे गोड्या पाण्याने खार धुऊन काढायचा, मग भात. हे काम काही काल-परवाचं नाही. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये) अशा 'शिलोत्री' जमिनींचं वर्णन आहे. शिलोत्रदाराने खाडीकडचा मोठा बांध राखायचा आणि त्याबद्दल शेत करणाऱ्याकडून भाताचा ठरलेला वाटा घ्यायचा, आतले लहान बांध ज्याचे त्याने बघायचे. बांधात जागोजागी 'उघडी' असते. म्हणजे ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जाऊ देणारं आणि भरतीला बंद होणारं दार. दाराला एकच दिशा कळते. विजेच्या भाषेत याला डायोड म्हणतात, मामांच्या भाषेत उघडी.

बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड गेली आणि खारं पाणी शेतात शिरलं की नुसतं त्या वर्षीचं पीक जात नाही, पुढची दोन-तीन वर्षं भात नीट येत नाही. म्हणून खांड पडली की वाट बघायची नसते. आमच्या मामांच्या गावी ज्याची जमीन जितकी तितके त्याच्या घरचे हात बांधावर यायचे. याला जोळ म्हणतात. चिखल कुठला घ्यायचा, त्याचा तुकडा केवढा कापायचा, हाताहाताने पुढे कसा द्यायचा, दोन भरत्यांच्या मधल्या किती वेळात काय उरकायचं, हे सगळं लहान पोरं बघून शिकायची, कारण पोरंही त्या रांगेत असायची. माझी आई सांगते की तिला तिथी विचारली की भरतीची वेळ तोंडपाठ सांगता यायची, शाळेत मात्र गणितात ती जेमतेम पास व्हायची.

मग १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला, पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा. योजनेत आलेल्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगलाच होता, सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या मर्जीवर गाव राहू नये. बांध अधिक रुंद झाले, उघड्या सिमेंटच्या झाल्या. पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली. बांध आपला राहिला नाही, तसं त्याचं शिक्षणही आपलं राहिलं नाही. मामा म्हणतात, आता बांधाची विद्या म्हणजे अर्ज कोणाला करायचा ते माहीत असणं. जिथे खांड वेळेवर बुजली नाही तिथे काही वर्षांत कांदळवन उगवतं, आणि एकदा ते उगवलं की मग तिथे भाताचा विषयच संपला. कांदळवन वाईट नाही, उलट किनाऱ्याला ते हवंच. पण ज्याच्या शेतात ते आलं त्याला विचारून बघा.

इतकं सगळं सांगायचं कारण, मुलांनी बांधायचे खेळ खेळावेत की नाही ही चर्चा नेहमी चुकीच्या टोकापासून सुरू होते असं मला वाटतं. एका बाजूला स्क्रीनटाइमचे आकडे, दुसऱ्या बाजूला 'क्रिएटिव्हिटी वाढते' छापाच्या जाहिराती. बांधकामाच्या खेळातून नक्की काय शिकलं जातं हे बघायचं तर खेळण्यांच्या इतिहासाकडे थोडं वळावं लागेल.

लाकडी ठोकळे शिक्षणात आणले ते जर्मनीच्या फ्रेबेलने. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली, तिचीच पुढे किंडरगार्टन झाली. त्याच्या ठोकळ्यांच्या पेट्यांना गंमतशीर नियम होते. पेटीतला प्रत्येक ठोकळा रचनेत वापरायचाच, आणि खेळ संपला की सगळे परत रचून पेटीत घनाकृती बसवायची. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाने आपल्या आत्मचरित्रात त्या ठोकळ्यांचं ऋण मान्य केलंय. आपल्याकडे ही विचारांची धारा गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत आली. ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांत परदेशी धाटणीची महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, दगड, पानं, बिया हीच साधनं झाली. 'अंगणवाडी' हा शब्द आपण आता सरकारी खात्याचा म्हणून वापरतो, तो मुळात या अंगणातून आलाय. अंगणच पाहिजे होतं त्यांना, वर्ग नव्हे.

आणि अरविंद गुप्ता! पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ पासून २०१४ पर्यंत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवलं, पण त्यांची सगळ्यात भारी युक्ती त्याआधीची, १९७८ च्या होशंगाबादची. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या. चार काड्यांचा चौकोन केला तर तो बोटाने ढकलला की लवंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. आठ आण्यांत सिव्हिल इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर. हे मी गमतीने म्हणत नाहीये, पुलाच्या कैचीत त्रिकोण का असतात हे त्या काड्या हातात धरल्यावर जे कळतं ते फळ्यावर कळत नाही.

कॉम्प्युटरवर हाच खेळ आणला तो विल राइटने. १९८४ मध्ये तो एक बाँबफेकीचा गेम करत होता. त्यात बाँब टाकायला बेटं रचावी लागत, आणि त्याच्या लक्षात आलं की बाँब टाकण्यापेक्षा बेटं रचण्यात जास्त मजा आहे. त्याने शहरनियोजनाची पुस्तकं वाचली, जे फॉरेस्टरची शहराची गणिती मॉडेलं चाळली आणि १९८९ मध्ये 'सिमसिटी' आला. रस्ता इथे नेला तर वस्ती तिथे वाढते, कर वाढवला की लोक पळतात, कारखाना घराशेजारी नको. त्यानंतर २० वर्षांनी माइनक्राफ्ट. स्टॉकहोमच्या व्हिक्टर रिडबर्ग शाळेने २०१३ मध्ये तो १३ वर्षांच्या मुलांना सक्तीचा केला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन-हॅबिटॅट'ने खेळाच्या कंपनीबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम काढला आणि पहिला प्रयोग नैरोबीच्या किबेरा वस्तीत केला. वस्तीतलं मैदान कसं असावं हे वस्तीतल्याच लोकांनी गेममध्ये बांधून दाखवायचं. वास्तुविशारदाचा नकाशा सगळ्यांनाच वाचता येतो असं नाही, पण ठोकळ्यांच्या मैदानात चालून बघता येतं आणि 'हे गेट इथे नको' असं म्हणता येतं. माझ्या दृष्टीने या खेळाचा आजवरचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच.

अभ्यास काय सांगतात? थोडक्यात: जागेची समज, म्हणजे वस्तू मनात फिरवून बघणं वगैरे, सरावाने वाढते, हे २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. २०१५ च्या जिरो आणि न्यूकोम्ब यांच्या पाहणीत ठोकळे, कोडी, पटावरचे खेळ वारंवार खेळणाऱ्या अमेरिकन मुलांची ही समज सरस दिसली. अर्थात ठोकळ्यांनी मूल हुशार झालं की हुशार मूल ठोकळ्यांकडे वळलं, हे अशा पाहणीतून ठरत नाही. आणि लाकडी ठोकळ्यांचं श्रेय पडद्यावरच्या ठोकळ्यांना आपोआप देता येत नाही. जाहिरातवाले ते सर्रास देतात.

कारण पडद्यावरचा ठोकळा पडत नाही. माइनक्राफ्टमध्ये दगडाची भिंत बांधा आणि खालचे सगळे दगड काढून टाका, वरची भिंत हवेत लटकत राहते. वाळू आणि खडी तेवढी पडते. वजन नाही, ताण नाही, त्रिकोणाची गरजच नाही. पाणी उगमापासून सपाटीवर सात घरं वाहतं आणि थांबतं, भिंतीवर त्याचा दाब म्हणून नाही. गुप्तांच्या काड्या जे शिकवतात ते हा खेळ शिकवत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इथे काहीही जुनं होत नाही. रायगडावरच्या हत्ती तलावाचंच बघा. वर्षानुवर्षं तो गळत होता. रायगड प्राधिकरणाने गळती काढायचं काम केलं तेव्हा कुठे २०२० च्या पावसाळ्यात तो भरलेला दिसला. गेममधला तलाव तीनशे वर्षांनीही पहिल्या दिवसासारखाच.

मग खेळात उरतं काय? मला वाटतं, बाकीची मुलं उरतात. माझा भाचा पेणला असतो, पाचवीत. तो, त्याची रोह्याची दोन चुलत भावंडं आणि शाळेतले तिघे असे सहाजण एकाच जगात बांधतात. ताईला ते मुळीच आवडत नाही. ती एकदा म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग त्याला बंद कर म्हणून." मी सांगायला बसलो आणि त्यांची भांडणं ऐकत तासभर तिथेच राहिलो. कोणीतरी कोणाच्या तरी घराची भिंत काढून नेली होती. दगड कमी पडला म्हणून. त्यावर सहाजणांची बैठक. एकाचं म्हणणं, विचारून घ्यावं. दुसऱ्याचं, वापरात नसलेलं घर सगळ्यांचं. तिसरी म्हणाली, खाण सगळ्यांनी मिळून खणायची आणि दगड एका पेटीत ठेवायचा, घेणाऱ्याने लिहून ठेवायचं. शेवटी तिचं चाललं. रोज एकाने पेटी मोजायची, अशी पाळीही लागली. त्यांना शब्द माहीत नव्हता, पण ही जोळच होती. मी ताईला सांगितलं, वेळ बांधून दे, बंद करू नकोस. ती अजून माझ्यावर चिडलेली आहे.

हीच मुलं एकेकटी खेळतात तेव्हा त्यांचे महाल जास्त मोठे आणि देखणे असतात, पण भांडण नाही, पेटी नाही, पाळी नाही. वास्तूची गुणवत्ता वाढते, शिक्षण कमी होतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण हे रोज बघतो. एकट्याने लिहिलेला सुबक कोड आणि पाचजणांनी भांडून लिहिलेला ओबडधोबड कोड, यातला दुसरा पाच वर्षांनी जिवंत असतो, कारण तो दुरुस्त करता येणारी माणसं त्यातच तयार झालेली असतात.

पेणला असताना दर वेळी एक फेरी गणपतीच्या कारखान्यांकडे होते. (पेण-हमरापूर-जोह्याकडे कार्यशाळेला कारखानाच म्हणतात.) साच्यातून मूर्ती निघते ती झटपट, पण कारागिराचं नाव होतं ते डोळ्यांच्या आखणीवर, कारण ती हातानेच करावी लागते. साच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यावर कितीतरी घरं चालतात. पण आता दिवाळीत किल्लेही साच्यातून येतात. प्लास्टरचा तयार गड, तट-बुरूज-दरवाजे सगळं त्यातच, बाल्कनीत ठेवायचा आणि वर मावळे मांडायचे. आईवडिलांना दोष देऊन उपयोग नाही, फ्लॅटला अंगण नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चिखल केला तर सेक्रेटरी येतात. मात्र त्या गडात आखणीपुरतंही काही हाताला उरत नाही. तसा गड विकत घेणारं घर आणि माइनक्राफ्टवर बंदी घालणारं घर बऱ्याचदा एकच असतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

गेल्या दिवाळीत मामा पेणला ताईकडे आले होते. वय ७८, मोबाइलवर फक्त भजनं ऐकतात. भाच्याने मोठ्या अभिमानाने त्यांना गेममधलं गाव दाखवलं: समुद्र, त्याला घातलेला लांबच लांब बांध, आत गव्हाची शेतं. (गेममध्ये भात नाही.) मामांनी चष्मा लावला, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "उघडी कुठं हाय रे?"

भाच्याला उघडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मामांनी समजावलं. आत पडलेला पाऊस जाणार कुठून, ओहोटीला दार कसं आपोआप उघडतं, भरतीला कसं मिटतं. पोराचे डोळे लकाकले, लिव्हर लावून दार करता येईल म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण आजोबा, गेममध्ये भरती येतच नाही."

"मग बांध कशाला घातलास?"

याचं उत्तर सहाजणांच्या बैठकीत दोन दिवस चाललं. आता त्यांनी ठरवलंय की भरती आपणच आणायची. एकाने बादल्या घेऊन समुद्राकडून पाणी सोडायचं, बाकीच्यांनी त्याआधी उघडी मिटायची, चुकली तर शेत वाहून जातं. पाणी कधी सोडायचं ते मामांना फोन करून तिथीप्रमाणे ठरतं. भरतीची पाळी लावलेली आहे, भाच्याची शनिवारी असते.